घराची शाळा आणि दुकानाचा काटा

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी तीन पिढ्यांपासून भुसार मालाचा व्यापार करणारे एक ओसवाल कुटुंब राहते. घरात आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. नातू नववीत, नात अकरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात, पाचवीचा निकाल उत्तम लागलेला असताना, या मुलीने शाळेत जाण्यास नकार दिला. तिने हट्ट केला नाही, ती रडलीही नाही. नव्या वह्यांना कव्हर घालीत बसलेल्या आईजवळ येऊन तिने शांतपणे सांगितले, "यांना कव्हर घालू नकोस. मी जाणार नाही."

या नकारामागे दीड वर्षाचा इतिहास होता. शाळेच्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखे. रविवारी आणि सुट्टीत दुखत नसे. आधी तालुक्याच्या आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांना दाखविले, तपासण्या झाल्या, दोष काही सापडला नाही. शाळेत तिला कोणी मारीत नव्हते, कोणी छळीत नव्हते. खोदून विचारल्यावर ती एवढेच म्हणाली, "उत्तर चुकेल म्हणून दिवसभर भीती वाटते. मग समोरचं काहीच कळत नाही."

सून विज्ञानाची पदवीधर. तिने हे वाक्य मनावर घेतले आणि वाचन सुरू केले. महिनाभराने तिने घरात प्रस्ताव मांडला : एक वर्ष मुलीला शाळेत पाठवू नये, आणि घरातही शाळा भरवू नये.

प्रस्तावाचा दुसरा भाग समजण्यास कठीण होता. घरी शिकविणे म्हणजे तीच पुस्तके, तेच वेळापत्रक आणि शिक्षकाच्या जागी आई, असा सर्वसाधारण समज असतो. शाळामुक्त शिक्षणाची, म्हणजेच 'अनस्कूलिंग'ची कल्पना याहून वेगळी आहे. हा शब्द अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट (1923–1985) यांनी रूढ केला. पाचवीच्या मुलांना शिकविताना त्यांनी जी निरीक्षणे टिपून ठेवली, त्यांतून 1964 मध्ये 'हाऊ चिल्ड्रन फेल' हे पुस्तक तयार झाले. वर्गातील बरीचशी मुले विचार करण्याऐवजी शिक्षकाला हवे असलेले उत्तर हुडकीत असतात आणि या हुडकण्याच्या मुळाशी भीती असते, असे त्यांचे निरीक्षण होते. प्रारंभी त्यांना शाळा सुधारतील अशी आशा होती. ती मावळल्यावर 1977 मध्ये त्यांनी 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केले. मुलाचे कुतूहल आणि घरात चालू असलेले खरे व्यवहार हाच अभ्यासक्रम मानावा, मोठ्यांनी विचारल्यावर मदत करावी आणि स्वतः शिकत राहावे, हे त्यांच्या मांडणीचे सार. होल्ट यांची पुस्तके आपल्याकडे गोव्यातील म्हापशाच्या 'अदर इंडिया प्रेस'ने प्रसिद्ध केली. दहावीनंतर एक वर्ष शाळा-कॉलेजाविना काढलेल्या राहुल अल्वारिस या गोव्याच्या तरुणाचे 'फ्री फ्रॉम स्कूल' हे पुस्तकही याच प्रकाशनाचे.

व्यापारी समाजाला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. एके काळी पेढीवर बसलेला दहा वर्षांचा मुलगा पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ करी, महाजनी लिपी गिरवी, मालाची प्रत मुठीत धरून ओळखी आणि व्याजाचा आकडा तोंडी सांगे. त्या शिक्षणाला परीक्षा नव्हती, बाजार हीच परीक्षा होती. परंतु त्यात दोन उणिवा होत्या. त्या मुलाला काय शिकायचे आहे, हे कोणी विचारीत नसे. आणि मुलींना त्या पेढीवर जागाच नव्हती.

आजोबांचा विरोध या दुसऱ्या उणिवेवरून होता.

सुनेला वाटले होते की बाबूजी समाजाचे नाव काढतील, लग्नाची अडचण सांगतील. त्यांनी तसे काहीच केले नाही. ते म्हणाले, "आपल्याच समाजात कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. गोरगरिबांच्या पोरांना शाळेत आणायला त्या माणसाने आयुष्य वेचलं. आणि आपण पोरीला शाळेतून काढायचं? बेटा, या घरातून एक मुलगी शाळेतून काढली गेली आहे. दुसरी नको."

पहिली मुलगी म्हणजे त्यांची थोरली बहीण. मुलांच्या भुआजी. आज वय 81. त्या दुसरीत असताना धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी हवे म्हणून त्यांची शाळा सुटली. हिशेब त्यांना तोंडी येतो. दुधाचा, किराण्याचा, व्याजाचा पैसाही चुकत नाही. पण अक्षरे विरून गेली. त्यांनी आजवर अनेक कागदांवर अंगठा लावला.

सून थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भुआजींना कोणी विचारलं नव्हतं, बाबूजी. ही स्वतः सांगते आहे."

दोघांचेही म्हणणे खरे होते. निर्णयाला आठ दिवस लागले. या आठ दिवसांत मुलाने वकिलांकडून कायद्याची बाजू समजून घेतली. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी त्याने शासनावर टाकली आहे आणि बालकाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. पालकांना मात्र त्यात शिक्षेची तरतूद नाही. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र कलमही नाही. म्हणजे रस्ता बंद नाही, पण त्यावर पाटीही नाही. पुढच्या परीक्षेची सोय मात्र स्पष्ट आहे. 1989 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेमार्फत वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीच्या समकक्ष परीक्षेला बसता येते. परीक्षा वर्षातून दोनदा होते, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात नऊ संधी मिळतात. महाराष्ट्राच्या मंडळाकडे खासगी विद्यार्थ्यांसाठी सतरा नंबरचा अर्ज आहेच.

अखेर एका रात्री प्रतिक्रमणानंतर सर्व जण एकत्र बसले आणि आजोबांनी जुन्या रोजकीर्दीच्या कोऱ्या पानावर चार अटी लिहिल्या. पहिली : मुदत एक वर्षाची, त्यानंतर फेरविचार, आणि त्यात मुलीचे मत मोठ्यांइतकेच मोजले जाईल. दुसरी : मुलगी घरी आहे म्हणून तिच्यावर घरकाम टाकले जाणार नाही; भाऊ जेवढे करील तेवढेच तिने करावे. तिसरी : घरातील किंवा दुकानातील कोणत्याही गोष्टीविषयी तिने विचारले, तर 'तुला काय करायचंय' असे कोणी म्हणणार नाही; खरे उत्तर दिले जाईल. चौथी : दहावीच्या परीक्षेचे दार उघडे ठेवले जाईल. तिसरी अट आजोबांनी स्वतःहून घातली होती. ती सर्वांत महाग पडेल, हे त्या वेळी त्यांना ठाऊक नव्हते.

पहिले तीन महिने काहीच घडले नाही. मुलगी उशिरा उठे, गोष्टीची पुस्तके वाची, गच्चीवर बसून राही. पोटदुखी थांबली, पण 'शिक्षण' कोठे दिसेना. आईचा धीर सुटू लागला. ऑगस्टमध्ये तिने गुपचूप एक वेळापत्रक केले : नऊला गणित, दहाला इंग्रजी. चौथ्या दिवशी मुलीच्या पोटात पुन्हा दुखले. वेळापत्रक फाडण्यात आले.

याच काळात एक अडचणीची गोष्ट उघडी पडली. मुलगी शाळेत असताना घर कसे चालते, हे पाहणारे कोणी नव्हते. आता दिवसभर दोन डोळे पाहत होते. सूर्यास्तापूर्वी जेवायला सर्वांनी एकत्र येण्याचा या घराचा नियम पन्नास वर्षांचा आहे. चौविहारामुळे वडीलही दुकानातून घरी येत. पण पाटावर बसलेल्या चौघांच्या हातांत चार मोबाईल असत. मुलगी एकदा म्हणाली, "आपण एकत्र बसतो, पण कोणी कोणाकडे बघत नाही." आईला 'आता नको, नंतर' हे शब्द दिवसातून किती वेळा तोंडी येतात, हेही तिने मोजले होते. एका दिवसात एकवीस वेळा.

जैन परंपरेत यासाठी एक जुना शब्द आहे : यतना, बोलीतली जयणा. पाप लागू नये म्हणून कसे चालावे, कसे उभे राहावे, कसे बसावे, कसे निजावे, कसे खावे, कसे बोलावे, असा प्रश्न दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात आला आहे आणि सर्व प्रश्नांना उत्तर एकच आहे : यतनेने. पाणी गाळणे, धान्य निवडणे, दिवा झाकणे एवढ्यापुरती यतना आपण घरात जपली. भाषासमिती मात्र साधूंसाठी म्हणून सोडून दिली. मुलाचा प्रश्न ऐकताना हातातील काम क्षणभर थांबविणे, हीसुद्धा यतनाच होय. या घरात सप्टेंबरपासून जेवणाच्या वेळी चारही मोबाईल देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात जाऊ लागले. पहिला आठवडा जेवण फार शांततेत झाले. नंतर गप्पा सुरू झाल्या.

मुलीचे शिकणेही तेथूनच सुरू झाले. सामायिक 48 मिनिटांचेच का, असे तिने विचारले. आजोबांनी सांगितले की अहोरात्राचे मुहूर्त तीस. तिने 1440 मिनिटांना 30 ने भागले आणि उत्तर जुळल्यावर तिला जो आनंद झाला, तो शाळेच्या शंभर गुणांनी झाला नव्हता. चौविहारासाठी रोज सूर्यास्ताची वेळ पाहावी लागते. ती तिने जुलैपासून एका वहीत उतरून घेतली आणि आलेख काढला. जानेवारीत तिच्या लक्षात आले की सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या उत्तरार्धात असला, तरी सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच होऊन गेला. असे का? घरात कोणाला सांगता येईना. भावाच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी समजावले की पृथ्वीचा कललेला अक्ष आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे सूर्य माथ्यावर येण्याची वेळच त्या दिवसांत रोज थोडी पुढे सरकते. त्यामुळे दिवस लहान होत असतानाही सूर्यास्त लांबू लागतो. शाळेपासून मुक्त झालेल्या मुलीला उत्तर शाळेतल्या शिक्षकाने दिले, याचे कोणाला वैषम्य वाटले नाही.

या शोधाचा आनंद सर्वांना झाला. दुकानातील शोधाचा मात्र कोणालाच झाला नाही.

तो त्याआधीचा, ऑक्टोबरातला. सोयाबीनचा हंगाम होता. मुलगी मुनीमजींच्या शेजारी बसून हिशेबपट्ट्या पाहत असे. एका शेतकऱ्याची 60 पोती आली. काट्यावरील वजनातून बारदानापोटी पोत्यामागे एक किलो, असे 60 किलो वजा झाले. मुलीने कोपऱ्यातले एक रिकामे पोते काट्यावर ठेवले. 580 ग्रॅम. तिने दहा पोती ठेवली. 5 किलो 800 ग्रॅम. वडिलांना विचारले, तर ते म्हणाले, "रीत आहे बाजाराची." रीत खरी होती. पूर्वी बारदान क्विंटलच्या मापाचे असे आणि त्याचे वजन किलोच्या आसपास भरे. पुढे पोती लहान झाली, कडता मात्र तेवढाच राहिला. मुलीने पाटीवर गुणाकार केला : पोत्यामागे 420 ग्रॅम, 60 पोत्यांचे 25 किलो 200 ग्रॅम. किलोला 45 रुपये धरले, तर 1134 रुपये. "हे सोयाबीन कोणाचं?" 420 चा आकडा ऐकून मुनीमजींनी मान खाली घातली. वडील चिडून म्हणाले, "शाळेत असतीस तर बरं झालं असतं."

त्या रात्री ती आजोबांपुढे बसली. तिने त्यांना दोष दिला नाही. पाठशाळेत पाठ केलेला एक शब्द विचारला. "दादाजी, तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिक मानोन्मान' येतं. मला पाठ आहे. पण म्हणजे काय?"

साठ वर्षे प्रतिक्रमण करणाऱ्या माणसाला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. देण्याचे माप उणे आणि घेण्याचे माप अधिक. तिसऱ्या अटीप्रमाणे त्यांना तो सांगावा लागला.

पिता-पुत्रांत त्यानंतर पंधरा दिवस वाद चालला. मुलाचे म्हणणे असे की मालात माती असते, ओल असते, घट येते. ती कोठून भरून काढायची? सारा बाजार असेच करतो. आजोबांचे म्हणणे असे की घट असेल तर घट म्हणून लिहावी, शेतकऱ्याला दिसू द्यावी, तो घासाघीस करील. बारदानाच्या नावाखाली ती दडवू नये. शेवटी दहा-दहा पोती तोलून खरे वजन वजा करण्याचे ठरले. शेजारच्या दुकानदारांनी टोमणे मारले. या बदलाने शेतकरी अधिक येऊ लागले की नाही, हे सांगता येत नाही. नफा घटला, हे वहीत दिसते.

येथे शाळामुक्त शिक्षणाचा खरा खर्च कळतो. शाळेतला प्रश्न परीक्षेबरोबर संपतो. घरात उमललेला प्रश्न घरालाच विचारला जातो. म्हणून हा मार्ग स्वीकारणाऱ्याने मुलाची तयारी पाहण्याआधी स्वतःची पाहावी. ज्या घरात दिवसा कोणी मोठे माणूस नसते, त्या घरात हा प्रयोग म्हणजे मुलाला मोबाईलच्या स्वाधीन करणे ठरेल. जेथे मुलगी घरी राहिली की पोळपाट तिच्या हाती येतो, तेथे तिच्यासाठी शाळा हाच मोकळा श्वास आहे; ती सोडवू नये. सवंगड्यांची उणीवही खरी आहे. या मुलीला दुपारी पाच वाजेपर्यंत खेळायला कोणी मिळत नसे आणि त्याचे तिला वाईट वाटे. तिचा भाऊ शाळेत रमला होता. त्याला कोणी काढले नाही. एकाच घरातील दोन मुलांना दोन वाटा लागू शकतात. अनेकान्त घराबाहेर शिकविण्याआधी घरात एवढा तरी मान्य व्हावा. आणि शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांनाही मोबाईलचे फडताळ, खऱ्या उत्तराची अट आणि काट्यावरचे रिकामे पोते या तिन्ही गोष्टींची मुभा आहेच.

गेल्या जूनमध्ये फेरविचार झाला. मुलीने आणखी एक वर्ष मागितले आणि त्यानंतर प्रयोगशाळा असलेली एखादी शाळा पाहायची इच्छा सांगितली. दोन्ही मान्य झाले.

परंतु आजोबांच्या मनातील हिशेब त्याआधीच, जानेवारीत, पुरा झाला होता. भुआजी महिनाभर राहायला आल्या होत्या. मुलगी त्यांच्याबरोबर बँकेत गेली आणि पैसे काढण्याच्या स्लिपेवर अंगठा उमटताना तिने पाहिला. घरी आल्यावर तिने भुआजींना पाटी दिली. पहिल्या दिवशी एक अक्षर, मग दुसरे. विरलेली अक्षरे हळूहळू वर येऊ लागली.

आजोबा दोन दिवस पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिजोरीतून एक पिवळा कागद काढला. वडील गेल्यानंतर, 1978 मध्ये, बहिणीने भावांच्या लाभात करून दिलेले हक्कसोड पत्र होते ते. खाली अंगठा होता. त्या दिवशी तो कागद तिला कोणी वाचून दाखविला नव्हता. अंगठा धरणाऱ्या हातांत एक हात आजोबांचा होता. नातीला पुढे करून ते म्हणाले, "हे तुझ्या भुआजींना वाचून दाखव. पूर्ण. एक ओळही गाळू नकोस."

मुलीने अडखळत सर्व वाचले. तिला न कळलेले शब्द आजोबांनी समजावून दिले. वाचून झाल्यावर त्यांनी हात जोडले आणि संवत्सरीला वर्षानुवर्षे म्हटलेला 'मिच्छामि दुक्कडं' पहिल्यांदा नेमक्या एका गोष्टीसाठी म्हटला. आपल्या वाट्यातून जे देणे होते, ते देण्याचा शब्दही दिला.

भुआजींनी पाटी खाली ठेवली. "त्यात काय आहे, ते मला तेव्हाही ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तू कधी वाचून दाखवतोस, एवढंच बघत होते."